लॅप स्टीलसाठी परवडणारे व्हॉल्यूम पेडल निवडताना

छेडलेली तार पहिल्या क्षणी सर्वांत मोठ्याने बोलते आणि लगेच ओसरू लागते, तर गाणारा गळा स्वर हळुवार लावतो, तो भरत नेतो आणि मग सोडतो. लॅप स्टील गिटारवर, म्हणजे आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात तिच्यावर, भावगीत किंवा अभंग वाजवताना हा फरक फार बोचतो. लोखंडी बार तारेवरून सरकवत मींड कितीही गोड घेतली, तरी ओळीच्या शेवटच्या लांब स्वरापर्यंत पोहोचेतो तारेतला जीव निम्मा झालेला असतो. व्हॉल्यूम पेडलचे, म्हणजे पायाने दाबून आवाज कमीजास्त करण्याच्या साधनाचे, खरे काम इथे सुरू होते. पेडल साधारण अर्धे दाबून तार छेडली की नखीचा टणत्कार दबलेला राहतो, आणि स्वर ओसरू लागला की चवड्याने पेडल त्याच बेताने पुढे दाबत नेले की ऐकणाऱ्याला स्वर जागच्या जागी उभा असल्यासारखा वाटतो. दर स्वराला पेडल शून्यापासून उचलणे ही नवशिक्याची सवय असते. त्याने प्रत्येक स्वर हुंदका दिल्यासारखा येतो आणि दोन ओळींत कान कंटाळतो.

गेल्या वर्षी माझे जुने पेडल निकामी झाल्यावर दहा हजार रुपयांच्या आत दुसरे घ्यायचे ठरवून मी चार महिने शोध घेतला. रत्नागिरीत असे सामान दुकानात पाहायला मिळत नाही, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या, मित्रांकडून काही दिवसांसाठी आणलेली पेडल्स आणि घरपोच मागवलेले एक, अशा मार्गाने बरीच पेडल्स माझ्या पायाखालून गेली. या शोधात एक गोष्ट सतत जाणवली. व्हॉल्यूम पेडलविषयीचे बहुतेक लिखाण उभ्याने वाजवणाऱ्या गिटारवादकाला समोर ठेवून केलेले असते, आणि मांडीवर वाद्य घेणाऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. तो प्रश्न पेडलच्या उंचीचा आहे.

उभा वादक पेडलवर पाय ठेवतो तेव्हा त्याच्या वाद्याला काहीच होत नाही, कारण ते खांद्यावरच्या पट्ट्याला लटकलेले असते. लॅप स्टील दोन मांड्यांवर आडवी पडलेली असते. उजवा पाय पेडलवर गेला की उजवा गुडघा वर येतो, ब्रिजकडची, म्हणजे आपण तार छेडतो तिकडची, बाजू उचलली जाते आणि खुंट्यांकडची बाजू खाली कलते. कल दिसायला थोडा असतो, पण वजनदार बार त्या उतारावर डावीकडे, म्हणजे सुराच्या खाली, घसरू पाहतो आणि डाव्या हाताला त्याला सतत आवरावे लागते. तासाभराने मनगट दुखू लागते, आणि त्याआधीच लांब स्वर किंचित उतरलेले ऐकू येतात. मी स्वतः कित्येक महिने हा दोष माझ्या कानाचा समजत होतो. एका संध्याकाळी पेडल बाजूला सारून तोच अभंग वाजवला आणि सूर जागेवर आला, तेव्हा कारण कळले.

म्हणून पेडल पाहायला जाताना गिटार बरोबर न्यावी, दुकानात बिनहाताची खुर्ची मागून घ्यावी आणि गिटार मांडीवर ठेवूनच पेडलवर पाय ठेवावा. दोन गोष्टी पाहायच्या असतात. पाय नुसता ठेवल्यावर गिटार किती कलते, ही पहिली. टाचेपासून चवड्यापर्यंत पेडल पूर्ण फिरवताना गुडघा वरखाली होतो का, ही दुसरी, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची. पहिला दोष घरच्या उपायाने जातो. मी डाव्या पायाखाली देवघरातला जुना पाट ठेवतो. दोन्ही गुडघे एका पातळीत येतात आणि गिटार सपाट बसते. पाट फार उंच झाला तर दोन दिवाळी अंक एकावर एक ठेवूनही काम भागते. गुडघ्याच्या हालचालीला मात्र असा उपाय नाही. जे पेडल फिरवायला नुसता घोटा पुरतो आणि मांडी स्थिर राहते, तेच लॅप स्टीलसाठी योग्य. फार उंच उघडणाऱ्या पेडलवर चवडा खाली नेताना मांडीही हलते, आणि मग स्वराबरोबर वाद्यही झोके घेऊ लागते. ज्यांच्या गिटारला पाय जोडलेले आहेत किंवा जे ती स्टँडवर ठेवतात, त्यांना यातला कोणताच त्रास नाही. त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

आपल्याकडे या वाद्याची एक मोठी परंपरा पालथी मांडी घालून बसणाऱ्यांची आहे. ब्रिजभूषण काब्रा जमिनीवर बसून गिटार मांडीवर घेत आणि विश्वमोहन भट्टही आपली मोहनवीणा तशीच घेऊन बसतात. त्या बैठकीत पायाला पेडलपर्यंत पोहोचायला जागाच नसते. दुसरी परंपरा चित्रपटसंगीताच्या अंगाने वाढलेली, व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्यासारख्या विजेची गिटार वाजवणाऱ्यांची. पेडल हवे असेल तर खुर्ची स्वीकारावी लागते, आणि खुर्ची स्वीकारायची तर ती टणक, सपाट आणि गुडघा काटकोनात ठेवणारी असावी. मंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात गिटारला आडवे येतात, हे कार्यक्रमाच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

यानंतरचा प्रश्न विजेचा आहे, आणि पैसे सर्वाधिक वाया जातात ते इथेच. साध्या, वीज न लागणाऱ्या व्हॉल्यूम पेडलमध्ये एक पोटेन्शियोमीटर असतो. पाय हलला की तो फिरतो आणि आवाज कमीजास्त होतो. या पोटेन्शियोमीटरचा रोध किती किलोओहम आहे, त्यावर गिटारच्या आवाजातली चमक अवलंबून असते. गिटारचा साधा चुंबकीय पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग, थेट पेडलला जोडायचा असेल, तर तिथे २५० किंवा ५०० किलोओहमचे पेडल लागते. २५ किलोओहमचे पेडल किबोर्डसाठी किंवा बफरच्या, म्हणजे कमजोर संकेत पुढे नेण्याजोगा सशक्त करणाऱ्या छोट्या यंत्राच्या, पुढे लावण्यासाठी असते. पिकअप थेट त्याला जोडला तर वरचे स्वर झाकले जातात आणि गिटारवर जाड घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो. मुंबईतल्या एका दुकानात ‘सगळी सारखीच असतात’ असे सांगून माझ्या हाती असेच किबोर्डचे पेडल देण्यात आले होते. पूर्ण दाबूनही आवाज मोकळा होईना, तेव्हा मी ते उलटे करून मॉडेलचा क्रमांक वाचला आणि परत केले. हा क्रमांक पैसे देण्याआधी वाचावा. बॉसच्या एफव्ही-५० मालिकेत शेवटी ‘एच’ असेल तर ते गिटारचे आणि ‘एल’ असेल तर किबोर्डसारख्या वाद्यांचे; एर्नी बॉलचे व्हीपी ज्युनियर २५० आणि २५ किलोओहम अशा दोन्ही प्रकारांत निघते आणि दोन्ही जवळजवळ जुळ्या भावंडांसारखी दिसतात.

आता २५० घ्यावे की ५००? पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचा सूर बदलणारी गिटार, वाजवणाऱ्यांच्या जगात ५०० किलोओहमला मान आहे, आणि पेडल पूर्ण दाबलेले असताना त्याचा आवाज अधिक उजळ असतो, हे खरे आहे. परंतु आपण लॅप स्टीलवर बहुतेक वेळ पेडल मध्यावर ठेवतो, आणि तिथे गणित बदलते. पोटेन्शियोमीटर विजेच्या दृष्टीने बरोबर मध्यावर असताना ५०० किलोओहमच्या पेडलमधून पुढे जाणाऱ्या संकेतासमोर सुमारे १२५ किलोओहमचा रोध उभा असतो, आणि २५० च्या पेडलमध्ये त्याच्या निम्मा. पुढे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत ५ मीटर केबल असेल आणि तिची धारिता (विजेचा भार साठवण्याची क्षमता, जिच्यामुळे वरचा आवाज गळतो) ५०० पिकोफॅरडच्या आसपास धरली, तर पहिल्या बाबतीत साधारण २,५०० हर्ट्‌झपासून वरचा आवाज उतरू लागतो आणि दुसऱ्या बाबतीत साधारण ५,००० हर्ट्‌झपासून. तारेची धार नेमकी या दोन आकड्यांच्या दरम्यान असते. त्यामुळे एका चुंबकी कॉइलचा पिकअप आणि लांब केबल असेल तर मी २५० किलोओहमची शिफारस करीन. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा, पिकअप असलेल्यांनी ५०० चा विचार करावा, पण पेडलपासून पुढची केबल आखूड ठेवावी.

याहून चांगला आणि फार खर्च न वाढवणारा उपाय म्हणजे बफर. पेडलच्या लगेच पुढे, हातभर केबलच्या अंतरावर एक छोटा बफर ठेवला की पुढची लांब केबल त्याने पेलायची असते आणि पेडल मध्यावर असतानाही चमक टिकते. बरेच वादक सूर जुळवण्यासाठी जो साधा ट्यूनर पेडल वापरतात, त्यांपैकी काहींमध्ये बफर आधीच बसवलेला असतो. तसा असेल तर वेगळा घ्यायचीही गरज नाही. माझ्या मते महागड्या पेडलसाठी पैसे साठवण्याऐवजी साधे पेडल आणि एक बफर ही जोडी घेणे केव्हाही शहाणपणाचे.

आपल्याकडच्या अनेक घरांत मात्र विजेची गिटार नसून पोकळ लाकडी हवाईयन गिटार असते आणि तिच्या फळीवर चिकटवलेला, लाकडाची थरथर टिपणारा पिझो पिकअप असतो. तिला साधे २५० चे पेडलही थेट जोडू नये. पिझोला समोर फार मोठा रोध लागतो. तो मिळाला नाही तर खर्जाच्या तारांचा आवाज पातळ होतो आणि वाद्य पत्र्याच्या डब्यासारखे वाजू लागते. अशा गिटारला आधी प्रीअ‍ॅम्प, म्हणजे संकेत वाढवणारे छोटे यंत्र, आणि त्यापुढे २५ किलोओहमचे पेडल हा क्रम योग्य. म्हणजे ज्या पेडलला मी वर नाकारले, तेच इथे बरोबर ठरते.

पाय आणि पोटेन्शियोमीटर यांच्यातला दुवा कसा आहे, हेही पाहावे. काही पेडल्समध्ये दोरी असते, काहींत दाते, काहींत पोलादी पट्टी, तर काहींत पोटेन्शियोमीटरच नसतो आणि प्रकाशाने आवाज नियंत्रित होतो. दोरीची चाल सर्वांत मऊ असते, हे कबूल करावे लागेल. स्वर फुलवताना पायाला कुठेही अडखळ जाणवत नाही. पण दोरी झिजते. माझे जुने पेडल दोरीचेच होते. श्रावणात एका मंडळाच्या कार्यक्रमात दुसऱ्या अभंगाच्या मध्यावर ती तुटली, पाय सहज खाली गेला आणि आवाज होता तिथेच, अर्ध्यावर, अडकून राहिला. उरलेला कार्यक्रम मी उजव्या हाताच्या करंगळीने गिटारवरची आवाजाची खुंटी फिरवत पार पाडला. घरी येऊन पेडल उघडले तर दोरीचे तंतू चाकाच्या कडेपाशी केसासारखे पिंजलेले होते, आणि हे महिन्याभरापूर्वी टॉर्च घेऊन पाहिले असते तरी दिसले असते. दोरीचे पेडल घेणाऱ्याने दर दोन महिन्यांनी खालून पाहावे आणि एक जादा दोरी पिशवीत ठेवावी. दात्यांच्या पेडलमध्ये दोरी तुटण्याचे भय नाही, पण दाते झिजले की पाय दिशा बदलतो तिथे एक बारीकसा मोकळा झोल येतो, आणि मध्यावर नाजूक काम करणाऱ्याला तो फार खटकतो.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे येतो. एर्नी बॉल व्हीपी ज्युनियरचे २५० किलोओहमचे मॉडेल दोरीवर चालते, धातूचे आहे, त्याला वीज लागत नाही, ट्यूनरसाठी वेगळी जोडणी आहे आणि आवाज वाढण्याचे दोन वेग निवडण्याची छोटी कळ त्यात दिलेली आहे. लॅप स्टीलसाठी यांपैकी ज्या वेगात पहिल्या अर्ध्या भागात आवाज हळू वाढतो तो निवडावा, कारण आपले सारे काम तिथे चालते. बॉसचे एफव्ही-५०एच प्लॅस्टिकचे आणि हलके आहे. त्यावर किमान आवाज ठरवण्याची जी खुंटी आहे ती मला अत्यंत उपयोगी वाटते: पेडल टाचेकडे पूर्ण आणले तरी आवाज शून्यावर न जाता ठरवलेल्या पातळीवर थांबतो, आणि वर म्हटलेली हुंदक्याची सवय आपोआप मोडते. शिकणाऱ्याला मी हेच सुचवीन. त्याच कंपनीचे एफव्ही-३०एच लहान आणि धातूचे आहे. डनलॉपच्या व्हॉल्यूम एक्स पेडल्समध्ये पोलादी पट्टी आहे आणि चाल घट्ट किंवा सैल करण्याची सोय आहे. अनवाणी पायाने वाजवणाऱ्याला ही सोय मोलाची आहे. यांतले डीव्हीपी४ हे छोटे मॉडेल जागा वाचवते, परंतु लॅप स्टीलसाठी मी सहसा लहान पेडल्स सुचवत नाही, कारण चवडा आणि टाच दोन्ही टेकायला लांबी पुरत नाही आणि बारीक फरक करणे अवघड जाते. मोर्लेची पेडल्स प्रकाशावर चालतात, त्यामुळे त्यांत खरखर करणारा पोटेन्शियोमीटर पायाखाली झिजत नाही, पण त्यांना वीज लागते. बेहरिंगरचे एफसीव्ही१०० स्वस्तात मिळते, प्लॅस्टिकचे आहे आणि तेही ९ व्होल्टवर चालते. घरातल्या सरावासाठी ते ठीक आहे, गावोगावच्या मंडपात मात्र मी वीज न लागणारेच पेडल नेईन. गुडरिचसारखी खास स्टील गिटारसाठी बनवलेली पेडल्स उत्तम असतात, पण इथपर्यंत मागवण्याचा खर्च धरला तर ती दहा हजारांच्या चर्चेत बसत नाहीत.

एक्स्प्रेशन पेडल ही वेगळी वस्तू आहे, हेही लक्षात असू द्यावे. दिसायला ते हुबेहूब व्हॉल्यूम पेडलसारखे असते, किंमतही कमी असते, पण त्यातून गिटारचा आवाज जातच नाही. ते दुसऱ्या यंत्राला फक्त सूचना देते. ज्याला गिटारची केबल आत घेण्यासाठी एक आणि बाहेर नेण्यासाठी एक अशी दोन भोके नाहीत, ते आपल्या कामाचे नाही.

आपण व्यासपीठावर पादत्राणे काढून बसतो, हा मुद्दाही कुठे लिहिलेला आढळत नाही. बुटासाठी बनवलेला खरखरीत पृष्ठभाग उघड्या तळव्याला तासाभरात सोलवटतो. मी पेडलवर पातळ कॉर्कचा तुकडा कापून चिकटवला आहे. पाय घसरत नाही आणि तळव्याला पेडल कुठवर आले आहे ते नीट कळते. पेडलखाली आणि मांडीवर गिटारखाली, स्वयंपाकघरातल्या फडताळात अंथरतात ती रबरी जाळी टाकली की दोन्ही जागेवर राहतात.

वापरलेले पेडल घ्यायला संकोच करू नये. धातूच्या सांगाड्याला सहसा काही होत नाही. झिजतात त्या दोरी, पोटेन्शियोमीटर आणि केबल जोडण्याच्या जागा, आणि या तिन्ही गोष्टी कोणताही जाणता दुरुस्ती करणारा बदलून देतो. तपासताना अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बराच मोठा ठेवून, तार न छेडता, पेडल अगदी सावकाश फिरवावे. सर्वत्र थोडी खरखर असेल तर ती साफ करण्याच्या स्प्रेने जाते; एकाच ठिकाणी टक्क असा आवाज येऊन क्षणभर शांतता होत असेल, तर आतला मार्ग तिथे झिजलेला आहे आणि पोटेन्शियोमीटर बदलण्याचा खर्च धरूनच किंमत ठरवावी. आमच्या कोकणच्या दमट हवेत ही खरखर पावसाळ्यात लवकर येते, म्हणून पेडल पेटीत ठेवताना मी सोबत सिलिका जेलची पुडी टाकतो.

शेवटी मी २५० किलोओहमचे, धातूचे, दोरीचे एक वापरलेले पेडल साडेपाच हजारांना घेतले, त्यातली दोरी पहिल्याच दिवशी नवी घातली आणि उरलेल्या पैशांतून एक साधा बफर घेतला. गिटारवरची आवाजाची खुंटी मी पूर्ण उघडी ठेवतो, पेडल प्रतिध्वनीच्या यंत्राआधी लावतो, म्हणजे पाय मागे आला तरी आधीच्या स्वराची सावली मागे रेंगाळत राहते. उजवा पाय कॉर्कवर, डावा पाटावर. परवा सरावाला आलेल्या आमच्या गायिकाताईंनी ओळ संपवून श्वास घेतला, तेव्हा त्यांचा षड्ज थांबल्यावरही माझा अजून भरलेला होता, आणि त्यांनी मान वळवून तो संपेपर्यंत पुढची ओळ घेतली नाही.